दहा मिनिटं गप्प बसणं एवढं अवघड का जातं?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. चार वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. विषय श्रद्धेचा आहे. ज्यांना त्याचं वावडं आहे त्यांनी खुशाल पुढं जावं, राग नाही.

मी सांगलीची. एका पतसंस्थेत वसुलीला आहे. थकबाकीदारांना फोन, जामीनदारांना फोन, १०१ च्या दाखल्यांचे (सहकार कायद्याच्या कलम १०१ खालच्या वसुली दाखल्यांचे) कागद जुळवणं, हे माझं रोजचं काम. समोरचा माणूस रडकुंडीला येऊन घरची कहाणी सांगत असतो आणि मी ती ऐकून घेऊन शेवटी विचारते, "मग तारीख कुठली लिहू?" नवऱ्याचं रेडिमेड कपड्यांचं दुकान आहे, नदीपासून फार लांब नाही. २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं (धोक्याची पातळी ४५ फूट आहे) तेव्हा माळ्यावर चढवलेला मालसुद्धा भिजला. २०२१ ला पुन्हा तेच. तेव्हापासून जुलै लागला की आमच्याकडं 'चहा झाला का'च्या आधी 'आयर्विनला किती?' विचारतात. कोयना धरणातून किती सोडलं, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणात किती अडवलंय, रात्री दोनला उठून फोनवर फूट-इंच बघायचे. त्यात यंदा मार्चमध्ये आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली.

जूनपासून माझ्या छातीत धडधडायला लागलं. ईसीजी झाला, टू-डी इको झाला, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "ताण आहे, कमी करा." जसं काही ते गॅसचं बटणच आहे.

आमचं कुटुंब ख्रिस्ती. प्रार्थना करत नव्हते अशातला भाग नाही. रविवारची उपासना चुकत नाही, बुधवारी घरप्रार्थना असते. पण माझी प्रार्थना म्हणजे यादी. आईचा हात, दुकान, मुलाची फी, नदीचं पाणी. दिवसभर लोकांना करायचे तसेच रात्री देवाला वसुलीचे फोन. तारीख कुठली लिहू?

अशाच एका घरप्रार्थनेत मी धडधडीचं बोलले. एक बाई (नाव नको) सगळ्यांसमोर म्हणाल्या, "काळजी करणं म्हणजे अविश्वास. विश्वास वाढव, सगळं जाईल." मला रडू आलं होतं, पण रडले तर तेही अविश्वासाच्या खात्यात जमा होईल म्हणून गिळलं. घरी येताना डोक्यात आधीच्या चार काळज्या होत्याच, त्यात पाचवी आली, की आपला विश्वासच कमी पडतोय.

त्या रात्री आजी आठवली. माझी आजी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात आया होती. रात्रपाळी करून सकाळी घरी यायची, पाय धुवायची आणि मागच्या दारातल्या दगडावर बसायची. हात मांडीवर, तळवे वर. त्या तळव्यांना फिनेलचा वास असायचा. मी सात-आठ वर्षांची असेन.

"आजी, प्रार्थना करतेस?"
"नाही गं. बसलेय."
"मग डोळे का मिटलेत?"
"त्याला सगळं ठाऊक आहे. रात्रभर तो वॉर्डातच होता की. आता परत काय सांगू? त्याच्याजवळ बसलेय नुसती."

ऑगस्टपासून मी ते करून बघतेय. आमच्याकडं पहाटे साडेचारला नळाला पाणी येतं, त्यामुळं उठणं आहेच. टाकी भरेपर्यंत स्वयंपाकघरात पाटावर बसते. फोन पिठाच्या डब्यात, कारण ओट्यावर ठेवला तर हात जातोच. दहा मिनिटं. पहिला आठवडा भयंकर गेला. शांतता कसली, थकबाकीची यादी नावानिशी डोळ्यांपुढून सरकायची. दोन मिनिटांत उठून भांडी लावायला लागायचे. आईच्या खोलीतून जरा आवाज आला की बरं वाटायचं, उठायला निमित्त मिळालं म्हणून.

मग बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडली आणि १३ वं स्तोत्र समोर आलं. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत तो माणूस देवाला चार वेळा विचारतो, कोठवर? कोठवर मला विसरणार, कोठवर तोंड लपवणार. मी हे लहानपणापासून वाचलंय, शाब्बाथ शाळेत पाठ केलंय, पण त्या पहाटे पहिल्यांदा लक्षात आलं की ही तक्रार आहे. चक्क तक्रार! आणि ती कुणी खोडून काढली नाही, पवित्र शास्त्रात तशीच ठेवली. त्या बाईंनी ह्या स्तोत्रकर्त्यालाही विश्वास वाढवायला सांगितलं असतं का, असं मनात आलं आणि हसू फुटलं. खूप दिवसांनी.

त्यानंतर मी दहापैकी पहिली पाच मिनिटं भांडते. मोठ्यानं नाही, आई उठेल. नंतरची पाच नुसती बसते. ती पाच आता जमतात. धडधड गेली असं म्हणणार नाही. आठवड्यातून एक-दोनदा येते, पण आली की मी घाबरत नाही.

तुमच्यापैकी कुणी असं गप्प बसतं का? कुठल्याही धर्माचे असा. काय करता, किती वेळ, आणि डोक्यातल्या यादीचं काय करता?


रात्रपाळी

ताई, मी मिरजेत आयसीयूत स्टाफ नर्स आहे. आजीचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. फिनेलचा वास आमचाही जात नाही.

माझं आवडतं ठिकाण म्हणजे बायबलमधलं १ राजे, अध्याय १९. एलीया जीव मुठीत धरून पळतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, बास झालं, आता माझा जीव घे. एवढा मोठा संदेष्टा! तर देवदूत येऊन त्याला काय सांगतो? विश्वास वाढव? नाही. ऊठ, खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. तो खातो, परत झोपतो. देवदूत परत उठवतो, परत खायला घालतो. वारा, भूकंप, अग्नी आणि त्यानंतरचा तो मंद आवाज, हे सगळं पुढं. आधी दोन झोपा आणि दोन जेवणं.

त्या बाई भेटल्या तर त्यांना हा अध्याय वाचायला द्या. आणि तुम्ही दुपारी जेवता का वेळेवर?


कृष्णाकाठची

@रात्रपाळी, पकडलंत. डबा बऱ्याचदा चारला उघडते.


शंकासुर

प्रामाणिक लेखन आहे म्हणून प्रामाणिक शंका. पहाटेची वेळ, फोन दूर, एका जागी बसणं, श्वास आपोआप संथ होणं. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती खाली येते, हे साधं शरीरशास्त्र आहे. मग यात देव कुठं लागतो? पाटावर बसून पाढे म्हटले असते तरी हाच परिणाम आला असता.


कृष्णाकाठची

@शंकासुर, श्वासाचं तुमचं बरोबर असेल. मी भांडत नाही. पण माझी पहिली पाच मिनिटं तक्रारीची असतात हे तुम्ही सोडून दिलंत. सतराच्या पाढ्याकडं तक्रार कशी करणार? मला ऐकणारं कुणीतरी लागतं. ते आहे की नाही हे तुम्हाला सिद्ध करून दाखवता येणार नाही. माझ्याकडं तसा दाखला नाही, १०१ चासुद्धा.


शंकासुर

हा हा. दाखला नसल्याचं मान्य केलंत, हेच मला पुरे. वाचतोय.


जुना_सातारकर

चि. कृष्णाकाठची, सलाम. वय वर्षे ७४, मुक्काम सातारा. टंकनाला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

पहिल्यांदा एक दुरुस्ती, कारण लोक हमखास चुकतात. मिरजेचं हॉस्पिटल 'इंग्रजांचं' नव्हे. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं होतं, आणि ते १८९४ साली उभं करणारे डॉ. वानलेस जन्मानं कॅनडाचे. सांगली-मिरजेच्या मधली वानलेसवाडी त्यांच्याच नावाची. (तुम्ही इंग्रजांचं म्हणालेला नाहीत, पण पुढं कुणीतरी म्हणेलच.)

आता मुद्दा. आमच्या साताऱ्याचा या विषयाशी एक धागा आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात येऊन राहिले. पगार सोडला, घराचं दार उघडं ठेवलं आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनीही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र यावं, अशी कल्पना. मे १९१९ मध्ये ते मुंबईत वारले, त्यामुळं दरबार फार काळ चालला नाही. त्यांची गायनं मात्र राहिली. आमच्या 'उपासना संगीता'त कितीतरी त्यांची आहेत. ती पेटीवर ताल धरून मोठ्यानं म्हणायची पद्धत पडलीय, पण त्यातले अभंग एकट्यानं, हळू आवाजात म्हणून बघा. ते मुळात एकट्या माणसाचे आहेत असं माझं मत.

दुसरं, तुम्ही स्तोत्रं वाचता तेव्हा 'सेला' या शब्दाचं काय करता? स्तोत्रसंहितेत तो ७१ वेळा आलाय. नक्की अर्थ कुणालाच लागलेला नाही. इथं गाणाऱ्यांनी थांबावं, नुसतं वाद्य वाजावं, असं काहीसं असावं असा अभ्यासकांचा कयास. लोक तो वाचतच नाहीत, डोळा पुढं सरकतो. माझे वडील रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत 'सेला' आलं की थांबत, चष्मा काढत, धोतराच्या सोग्यानं पुसत, परत घालत आणि मग पुढचं वचन. आम्ही पोरं वैतागायचो, भूक लागलेली असायची. ४६ व्या स्तोत्रात तर तीन वेळा चष्मा पुसला जायचा. त्या स्तोत्रात पाणी गर्जतंय, डोंगर समुद्रात कोसळतायत, आणि मधेच हा थांबा. पुराच्या गावातल्या तुम्हाला ते जास्त कळेल.

मी सध्या महिन्यातून एकदा माहुलीला जातो. संगमावर पायऱ्यांवर बसतो. नातू सोडतो आणि तासाभरानं न्यायला येतो. त्याला वाटतं, आजोबा तिथं फार काही करतात.


कृष्णाकाठची

काका, सलाम. 'सेला'चं आजपासून करणार. मला चष्मा नाही, पदर आहे.


वाचतोय_फक्त

असे धागे म्हणजे प्रचाराची पहिली पायरी असते. आधी 'मनःशांती', मग 'या एकदा आमच्या प्रार्थनेला'. संपादक मंडळानं लक्ष द्यावं.


कृष्णाकाठची

@वाचतोय_फक्त, मी धाग्यात कुणालाही कुठं बोलावलेलं नाही. परत वाचा. उलट कुठल्याही धर्माच्या माणसानं आपलं सांगावं असं विचारलंय. बाकी आमच्या गल्लीच्या गणपतीची वर्गणी दरवर्षी मीच गोळा करते, कारण गल्लीत वसुलीचा अनुभव असलेली मी एकटीच. मंडळाला माझा धर्म अडचणीचा वाटलेला नाही, वर्गणी बुडवणाऱ्यांना माझा आवाज तेवढा अडचणीचा वाटतो.


संपादक

धागा नियमांत आहे. विषयावर बोलूया.


बेदाणा

रामराम. मी तासगाव भागातला, अडीच एकर द्राक्षबाग. ख्रिश्चन नाही, खंडोबाचा. ताईंचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

ऑक्टोबरची छाटणी तोंडावर आलीय. ज्यांची बाग नाही त्यांना सांगतो, फळछाटणी घेतली की पुढचे दोन-अडीच महिने माणूस आभाळाकडं बघूनच जगतो. पाऊस आला की डाऊनी, म्हणजे पानांवरची बुरशी. फुलोऱ्यात आला की गळकूज, घडच कुजून गळतात. रात्री पत्र्यावर टप टप वाजलं की बायको आणि मी दोघंही जागे असतो, पण एकमेकांना सांगत नाही. सकाळी बॅटरी घेऊन पानं उलटून बघायची, खाली पांढरी बुरशी आली का. एका पावसाला तीन-तीन फवारण्या, औषधाचं उधार वेगळं. (ताई, तुमच्या संस्थेचं कर्ज माझ्यावर नाही हे आधीच सांगतो.)

बायकोची शाळेतली मैत्रीण ख्रिश्चन आहे. मागच्या वर्षी माझी बाग गेली तेव्हा तिनं मला बायबलमधलं वाचून दाखवलं. आकाशातली पाखरं बघा, ती पेरत नाहीत, कापत नाहीत, तरी देव त्यांना खायला घालतो. मी म्हटलं, ताई, खरं आहे, पण तो त्यांना माझीच द्राक्षं खायला घालतो! जाळीला खर्च किती येतो विचारा.

ती हसली, पण उत्तर नव्हतं तिच्याकडं. इथं कुणाकडं असेल तर सांगा. चेष्टा करत नाही. मला खरंच कळून घ्यायचंय, शेतकऱ्यानं ती ओळ कशी वाचायची?


जुना_सातारकर

बेदाणाभाऊ, साठ वर्षं उपासनेला बसतोय, पाखरांवरचा असा प्रश्न पहिल्यांदा ऐकला. आमच्या पाळकसाहेबांना रविवारी विचारतो.

माझ्यापुरतं सांगू? तो मत्तयाचा ६ वा अध्याय. लोक पाखरं आणि फुलं वाचून थांबतात. अध्यायाची शेवटची ओळ अशी, 'ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे.' म्हणजे दुःख नाही असं येशू म्हणतच नाही. रोजचं दुःख रोज असणार हे त्यानं धरलेलंच आहे. तो एवढंच म्हणतो की डिसेंबरची गळकूज सप्टेंबरात भोगू नका. ज्यांच्यापुढं तो हे बोलला तेही कोळी, शेतकरी, मजूरच होते. त्यांच्यातलाही एखादा तुमच्यासारखं म्हणाला असेल, कुणी लिहून ठेवलं नाही एवढंच.


बेदाणा

'डिसेंबरची गळकूज सप्टेंबरात' हे बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, काकांना बाग होती का?


जुना_सातारकर

नव्हती. तीन मुली होत्या.


माऊलीचा_सख्या

राम कृष्ण हरी. मी कराडचा, घरात माळ आहे. कृष्णाकाठची ताई, आमच्याकडं उलटं आहे. आम्ही गप्प बसत नाही, आम्ही नाम घेतो. हरिपाठ, टाळ, मोठ्यानं. डोक्यातली यादी नामाखाली दडपून जाते. तुमच्या आजीसारखं नुसतं बसणं मला जमेल असं वाटत नाही, दोन मिनिटांत झोप लागेल. पण तक्रारीचं मात्र ओळखीचं वाटलं. तुकोबा विठ्ठलाशी जे भांडलेत, तसं घरचं माणूसच भांडू शकतं.

आणि काकांनी टिळकांचा विषय काढलाच आहे तर, तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असं टिळक म्हणायचे ना? मला ते वाचल्यापासून तो माणूस आपल्यातलाच वाटतो. पूल दोन्ही बाजूंनी चालता येतो.


वसईचा_वारा

मी वसईचा, कॅथलिक. नोकरीनिमित्त सहा वर्षं सांगलीत आहे, विश्रामबागला राहतो. आमच्यात इग्नाती संतांच्या परंपरेतलं एक रात्रीचं आत्मपरीक्षण असतं. आई शिकवून गेली. झोपण्यापूर्वी दिवस उलगडून बघायचा, पण चुका मोजायला नव्हे. आधी कशाकशाबद्दल आभार, मग दिवसात कुठं जीव हलका झाला, कुठं घट्ट आवळला गेला, तेवढं बघायचं. जिथं चुकलं तिथं क्षमा मागायची, उद्याचं एक काम त्याच्या हातात द्यायचं, आणि दिवा बंद. मला दहा-बारा मिनिटं लागतात.

यातून मला एक विचित्र शोध लागला. माझा जीव रोज घट्ट व्हायचा तो ऑफिसात नाही, ऑफिसातून निघाल्यावर गाडीत, बातम्या ऐकताना. मी रेडिओ बंद केला. दोन वर्षं झाली.


पूर्वा_मिरज

ख्रिस्ती नाही, धार्मिकही नाही, पण गप्प बसण्यावरून आठवलं. माझे आजोबा मिरजेत तंबोरे करायचे. भोपळा वाळवण्यापासून सगळं घरात. तंबोऱ्याची जवारी काढताना घोडीवर तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवतात. केसभर इकडं-तिकडं. योग्य जागी आला की तार एकदम बोलायला लागते, नाहीतर नुसती ठणठणते. आजोबा त्या वेळी पंखा बंद करायला लावायचे, दार लावायला लावायचे, आणि आम्हाला दम, श्वाससुद्धा हळू घ्या. तार छेडायचे आणि बराच वेळ काहीच करायचे नाहीत. मी विचारलं होतं, एवढं थांबता कशाला, दोरा सरकवा की. ते म्हणाले, "तार अजून वाजतेय. तिचं झाल्याशिवाय दोऱ्याला हात कसा लावू?"

धाग्याशी संबंध आहे की नाही माहीत नाही. अवांतर वाटलं तर सोडून द्या.


कृष्णाकाठची

@पूर्वा, अजिबात अवांतर नाही. माझी पहिली पाच मिनिटं म्हणजे तारेचं वाजणंच असतं बहुतेक. मी आधी ते दाबायला बघायचे.


साधा_माणूस_७

पहिलाच प्रतिसाद. मला तीन आठवडे झोप नाही. बसून बघितलं तुम्ही सांगता तसं, पण शांत बसलं की जास्तच वाईट विचार येतात. सगळं संपवून टाकावं असं वाटतं. घरी कुणाला बोललो नाही. देवावर विश्वास आहे. तरी असं का होतं?


रात्रपाळी

दादा, मी ऑनलाइन आहे. आधी हे वाचा.

गप्प बसणं सध्या बंद करा. एकटं बसू नका. ही औषधाची वेळ आहे, ध्यानाची नाही, आणि यात तुमच्या विश्वासाची काहीही चूक नाही. १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा नंबर आहे, फुकट, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. आत्ता लावा. घरातल्या एका माणसाला आज रात्री तुमच्या खोलीत झोपायला सांगा, कारण सांगायचं नसेल तर भीती वाटतेय एवढंच सांगा. जीवाचं काही करावंसं फारच वाटलं तर थेट जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा, कुठल्याही वेळी.

एलीयाचं मी वर लिहिलंय ना, त्यालाही हेच वाटलं होतं, आणि त्याला आधी उपदेश नाही, भाकर आणि झोप मिळाली. नंबर लावलात की इथं एक टिंब टाका. दुसरं काही लिहू नका.


शंकासुर

@साधा_माणूस_७, मीही जागा आहे. देव वगैरे मला काही कळत नाही, पण रात्रभर गप्पा मारायला आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.


साधा_माणूस_७

.


रात्रपाळी

दिसलं. शाब्बास. सकाळी मानसोपचारतज्ज्ञांकडं जायचं, घरच्या माणसाला बरोबर घेऊन.


कृष्णाकाठची

दादा, मी साडेचारला उठते. आज पाटावर बसल्यावर यादी नाही, तुमचंच नाव घेते. नाव म्हणजे 'साधा माणूस सात'. त्याला कळेल.


साधा_माणूस_७

(चार दिवसांनी) भावाला सांगितलं. तो बरोबर आला. गोळ्या सुरू झाल्यात, काल पाच तास झोपलो. शंकासुर दादांनी त्या रात्री अडीच वाजेपर्यंत क्रिकेटवर डोकं खाल्लं. सगळ्यांचे आभार. जास्त लिहीत नाही.


वसईचा_वारा

देवाची कृपा. @रात्रपाळी, तुमच्या त्या प्रतिसादाची प्रत मी आमच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) ग्रुपवर टाकू का, नाव काढून? आमच्याकडंही 'विश्वास वाढव' म्हणणारे काही कमी नाहीत.


रात्रपाळी

टाका. नंबर नीट बघून टाका, एक चार, चार, एक, सहा.


माऊलीचा_सख्या

ताई, आई कशी आहे?


कृष्णाकाठची

डाव्या हातानं चमचा धरते आता. परवा एक गंमत झाली. मी पाटावर बसले होते, 'सेला' आलं, पदरानं डोळे पुसत थांबले, आणि आतून आईचा आवाज, "झालं का तुझं? मग चहा टाक." म्हणजे ती इतके दिवस जागी असायची आणि गप्प पडून राहायची, माझी दहा मिनिटं होईपर्यंत! जीभ जड झालीय, पण हे वाक्य स्पष्ट आलं. आता पाट तिच्या खोलीत नेलाय. भांडण मात्र मनातल्या मनातच करावं लागतं, तिचे कान अजून तिखट आहेत.


जुना_सातारकर

पाळकसाहेबांना पाखरांचं विचारलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, जाळी लावावी. मला उत्तर आवडलं.


बेदाणा

काका! पाळकसाहेबांना माझा नमस्कार सांगा, बेदाणा झाला की पेटी पाठवतो.

उद्यापासून छाटणी धरतोय. आठ माणसं सांगितलीत. आज पहाटे बांधावर बसून बघितलं, ताईंसारखं. पाचव्या मिनिटाला खिशातनं फोन काढला, हवामान बघायला.


कृष्णाकाठची

पाच मिनिटं? मला पहिल्या आठवड्यात दोन जमत नव्हती. पाऊस काय म्हणतोय?


बेदाणा

रविवारपर्यंत नाही म्हणतोय.